दोन कॅमेरे, नव्वद दिवस

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. तिच्यात एकेचाळीस ओळी आणि दोन रकाने. एका रकान्यात फुजीफिल्म एक्स-टी५, दुसऱ्यात सोनी ए६७००. जो जिंकेल त्याचा चौकोन हिरवा, जो हरेल त्याचा लाल. ही शीट बनवायला मला साडेचार महिने लागले. त्यातले जवळजवळ तीन महिने माझे आई-बाबा इथे डब्लिनला माझ्या घरी राहत होते.

आज जे लिहितोय ते त्या शीटच्या विरोधात. म्हणजे अर्थातच माझ्या स्वतःच्या विरोधात, पण एकट्याच्या नाही. कारण भारतातून मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी निरोप येतो. "अरे, मिररलेस घ्यायचाय, या दोनपैकी कुठला घेऊ? आणि तिकडे स्वस्त मिळतो ना? येताना आणशील का?" पूर्वी मी अशांना पानभर उत्तरं पाठवायचो. आता ठरवलंय की एकदाच काय ते स्पष्ट लिहायचं. वाचून कुणाला राग आला तर येऊ दे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: आजच्या तारखेला सारख्या किमतीच्या दोन बऱ्या मिररलेस कॅमेऱ्यांची महिनोन् महिने तुलना करत बसणं हा चोखंदळपणा नाही. हा सुशिक्षित आळस आहे. आणि तो फुकट पडत नाही.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समागे एक आरसा असायचा. तो प्रकाश वर व्ह्यूफाइंडरकडे वळवायचा आणि फोटोच्या क्षणी खाड्‌कन वर उचलला जायचा. २००८ साली पॅनासॉनिकने जी१ आणला आणि तो आरसाच काढून टाकला. प्रकाश थेट सेन्सरवर, आणि डोळ्याला दिसतो तो छोटा पडदा. आरसा गेला म्हणून कॅमेरा लहान झाला. २०१० मध्ये सोनी आली, २०१२ मध्ये फुजी आली, २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉनही फुल फ्रेम मिररलेस घेऊन उतरले. आता नवीन कॅमेरा म्हणजे बहुतेक वेळा मिररलेसच.

आता माझ्या शीटमधल्या काही ओळी बघा. वजन: फुजी ५५७ ग्रॅम, सोनी ४९३. फरक ६४ ग्रॅम, म्हणजे एक अंडं. सोनी हिरवा. बॅटरी: एका चार्जिंगमध्ये फुजीचे साधारण ५८० फोटो, सोनीचे ५७०. दहा फोटोंसाठी फुजी हिरवा! शटरचा जास्तीत जास्त वेग: फुजी सेकंदाचा आठ हजारावा भाग, सोनी चार हजारावा. पुन्हा फुजी हिरवा. मी आयुष्यात कधी सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापलीकडे गेलेलो नाही, पण चौकोन मात्र रंगवला.

ऑफिसात मी असं केलं असतं तर माझ्या मॅनेजरने मला घरी पाठवलं असतं. तिथे कुठलाही सुटा भाग निवडताना आधी गरज लिहितात, मग किती फरक चालेल ते ठरवतात, आणि त्या मर्यादेतला फरक हा फरक धरतच नाहीत. शाफ्टचा व्यास मायक्रॉनभर इकडेतिकडे झाला तरी चालणार असेल तर त्यावर कुणी बैठक बोलवत नाही. पण तोच इंजिनियर घरी आला, सोफ्यावर बसला, की गरज लिहायची सोडून थेट रकाने आखायला घेतो. माझ्या शीटमध्ये एकेचाळीस ओळी होत्या. 'मला कशाचे फोटो काढायचे आहेत' ही ओळ नव्हती.

आता ती चार हुकमी वाक्यं घेऊ, जी प्रत्येक निरोपात असतात.

पहिलं: "जास्त मेगापिक्सेल बरे ना?" फुजीचे ४०, सोनीचे २६. ऐकायला दीडपट. पण मेगापिक्सेल हे क्षेत्रफळ आहे. लांबी-रुंदीत फरक काढायचा तर वर्गमूळ काढा. एका बाजूवर ७,७२८ ठिपके आणि ६,१९२ ठिपके, म्हणजे फक्त २५ टक्के जास्त. आता छपाई बघा. अल्बममधला नेहमीचा सहा बाय चार इंची फोटो इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायला २२ लाख ठिपके पुरतात, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलही नाहीत. भिंतीवर लावायचा बारा बाय आठ इंची फोटो, त्याला पावणेनऊ मेगापिक्सेल. फोर-के टीव्हीच्या पूर्ण पडद्याला सव्वाआठ. सोनीचे २६ मेगापिक्सेल वीस इंचांपेक्षा रुंद छपाईला पुरतात. तुम्ही शेवटचा वीस इंची फोटो कधी छापून आणला होतात? मी सांगतो, कधीच नाही. तुम्ही तो व्हॉट्सॲपवर टाकणार, आणि व्हॉट्सॲप त्याचा चुरा करून पुढे पाठवणार.

दुसरं: "घ्यायचा तर फुल फ्रेमच." हे वाक्य बहुतेक वेळा अशा माणसाकडून येतं ज्याच्याकडे एकच लेन्स आहे, आणि ती कॅमेऱ्याबरोबर खोक्यात आलेली. हिशोब करू. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर. माझ्या शीटमधल्या दोन्ही कॅमेऱ्यांचा एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळात फरक सव्वादोन पटींहून थोडा जास्त. म्हणजे मोठ्या सेन्सरमुळे तेवढा जास्त प्रकाश गोळा होतो, हे खरं. आता लेन्सकडे बघा. खोक्यातली स्वस्त झूम लेन्स पूर्ण पुढे नेली की तिचं तोंड एफ ५.६ वर येतं. एफ १.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स घेतली तर भागाकार करून वर्ग करा: साडेनऊ पट प्रकाश! सेन्सर बदलून सव्वादोन पट, लेन्स बदलून साडेनऊ पट. आणि अशी लेन्स बॉडीच्या किमतीच्या एका अंशात येते.

आयर्लंडमध्ये राहिल्यावर हे गणित पुस्तकातलं राहत नाही. इथे २१ डिसेंबरला डब्लिनमध्ये सकाळी साडेआठनंतर उजाडतं आणि दुपारी चारला दिवेलागण होते. जेमतेम साडेसात तास उजेड, आणि तोही ढगांतून गाळून आलेला. पावसाचं म्हणाल तर एक गंमत सांगतो. डब्लिनचा वर्षाचा पाऊस साधारण ७५० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पुण्याएवढाच. फरक इतकाच की पुण्यात तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो आणि इथे वर्षभर हप्त्याहप्त्याने पडतो. देशाच्या पश्चिमेकडे काही भागांत तर वर्षातले सव्वादोनशे दिवस ओले असतात. दोन्ही कॅमेऱ्यांच्या बॉडीला पाणी-धुळीपासून संरक्षण आहे, म्हणून मी दोन्ही चौकोन हिरवे केले होते. पण सोनीबरोबर येणाऱ्या छोट्या झूम लेन्सला ते नाही. बॉडीला रेनकोट आणि लेन्स उघडी, म्हणजे छत्री घेऊन अनवाणी जाण्यासारखं. ही ओळही शीटमध्ये नव्हती.

आणि गंमत म्हणजे सिग्मा कंपनीची १८-५० मिलिमीटरची एफ २.८ लेन्स दोन्ही कॅमेऱ्यांसाठी मिळते. ३० मिलिमीटरची एफ १.४ सुद्धा. काच तीच, मागची कडी वेगळी. ज्या गोष्टीने फोटोत सर्वात जास्त फरक पडतो ती दोन्हीकडे एकच असू शकते! मग साडेचार महिने मी नेमकं काय तोलत होतो?

तंत्रज्ञ मित्र इथे रंगांचा मुद्दा काढतात. फुजीच्या सेन्सरवरची लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरची मांडणी वेगळी, सोनीची नेहमीची, जी कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी शोधली आणि जिचं पेटंट १९७६ चं. यावर रात्र रात्र वाद होतात. पण मूळ कल्पना त्याहून जुनी आहे आणि तिचं एक टोक आयर्लंडमध्येच आहे. इथल्या ऑफली परगण्यात जन्मलेले जॉन जोली, ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक आणि शिक्षणाने इंजिनियर. त्यांनी १८९४ साली काचेवर तीन रंगांच्या अतिशय बारीक रेघा आखल्या, ती काच फोटोच्या प्लेटपुढे धरली आणि एकाच प्लेटवर रंगीत फोटो मिळवला. त्यांच्या रेघा इंचाला दोनशेच्या आसपास. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्येसुद्धा त्याच विचाराचा वंशज बसलेला आहे. त्या माणसाने रेघा आखायचं यंत्र बनवलं. आम्ही एक्सेलमध्ये रेघा आखतो.

तिसरं वाक्य: "थांब, नवीन मॉडेल येतंय." हे सर्वात विषारी. फुजीचा एक्स-टी१ आला २०१४ मध्ये, टी२ २०१६, टी३ २०१८, टी४ २०२०, टी५ २०२२. ज्याने २०१४ मध्ये थांबायचं ठरवलं तो पाच वेळा थांबू शकला असता, आणि प्रत्येक वेळी त्याचं कारण अगदी योग्य असतं. माझंच बघा. मे २०२४ मध्ये आई-बाबांचं विमान उतरलं त्याच आठवड्यात फुजीने एक्स-टी५० जाहीर केला. तोच ४० मेगापिक्सेलचा सेन्सर, पण बॉडी लहान. झालं! शीटमध्ये तिसरा रकाना. तो पुढे मी काढून टाकला, पण त्यात जून गेला.

चौथं: "तिकडे स्वस्त ना?" नाही हो! आयर्लंडमध्ये कॅमेऱ्यावर व्हॅट २३ टक्के. भारतात जीएसटी १८ टक्के. व्हॅट परत मिळतो तो युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या पाहुण्याला, तेही वस्तू ठरावीक मुदतीत संघाबाहेर नेली तर. मी इथला रहिवासी, मला काही नाही. बरं, इथे २०२२ चा ग्राहक हक्क कायदा चांगला आहे. वस्तू सदोष निघाली तर पहिल्या तीस दिवसांत परत करून पैसे मागता येतात, आणि वर्षभरात बिघाड झाला तर तो आधीपासून नव्हता हे दुकानदाराने सिद्ध करायचं. पण हा हक्क इथल्या दुकानात उभं राहून मागायचा असतो. तुमचा कॅमेरा नाशिकला बिघडला तर तो मी काखोटीला मारून परत आणायचा का? कंपनीची वॉरंटीही बऱ्याचदा ज्या देशात घेतला त्या देशापुरतीच असते. तेव्हा कॅमेरा आपल्या गावातल्या दुकानातून घ्या. हजार-दोन हजार जास्त गेले तरी हातात धरून बघता येतो, आणि भांडायला माणूस समोर असतो.

आता यावरचा खरा आक्षेप. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एक वाचक म्हणेल, "तुमचं ठीक आहे, युरोत पगार. आमच्यासाठी लाखाच्या घरातली वस्तू म्हणजे कित्येक महिन्यांची बचत. नीट बघूनच घ्यायला नको?" अगदी बरोबर. मध्यमवर्गीय माणसाची घासाघीस, चार दुकानं फिरणं, यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. मीही त्याच घरातला. पण मग हिशोब पूर्ण करा ना! पैसे कष्टाचे असतील तर दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल घ्या, वापरलेलं घ्या. कॅमेऱ्याची बॉडी जुनी होते तशी किंमत उतरते, फोटो मात्र तेवढेच चांगले येतात. वाचलेल्या पैशात एक चांगली लेन्स घ्या, आणि उरलेल्यात फोटो छापा. तुलना पैसे वाचवण्यासाठी असेल तर ती एका शनिवारात संपते. जी महिनोन् महिने चालते ती पैशासाठी नसते. 'आपण चुकलो' असं कुणी म्हणू नये यासाठी असते.

माझं तसंच झालं. चूक होऊ नये म्हणून मी निवडच केली नाही, आणि 'निवड चालू आहे' हे निमित्त इतकं सभ्य होतं की मलाही ते निमित्त वाटलं नाही.

आई-बाबा अठ्ठ्याऐंशी दिवस राहिले. पाहुण्यांच्या व्हिसावर नव्वदच मिळतात. बाबांचं वय शहात्तर, गुडघे कुरकुरणारे. हौथच्या बंदरात सील पोहत येतात हे कळल्यावर ते दर रविवारी तिथे जायचं म्हणून हटून बसायचे. जूनच्या महिन्यात कानटोपी घालून, धक्क्याच्या कडेला उभे राहून, सीलशी मराठीत बोलायचे. ग्लेन्डलॉकच्या तळ्याकाठी आईने डब्यातून थालीपीठ काढलं आणि शेजारच्या बाकावरच्या अनोळखी आयरिश आजीबाईंना दिलं. त्या दोघी अर्धा तास एकमेकींशी बोलल्या, दोघी आपापल्या भाषेत. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

"अरे, मग फोन होता ना खिशात?" होता. हाच तर मुद्दा आहे. फोनने मी नीट काढलेच नाहीत, कारण खरा कॅमेरा येणारच होता. फोनवर तीनशे फोटो आहेत. त्यातले निम्मे कड्यांचे, ढगांचे आणि मेंढ्यांचे. बाबांचा सीलबरोबर एक आहे, वाऱ्याने हललेला, त्यात सील नाही. आई आणि त्या आजीबाईंचा एकही नाही. तेव्हा मी बाकावर बसून दोन कॅमेऱ्यांच्या ऑटोफोकसवरचा लेख वाचत होतो.

विमानतळावर बाबा सहज म्हणाले, "आता पुढच्या वेळी तुम्हीच या. आमच्याच्याने एवढं बसवत नाही." ऑक्टोबर उजाडता उजाडता शीट पूर्ण झाली. निकाल: फुजी एकवीस, सोनी वीस.

या देशात फादर फ्रँक ब्राऊन नावाचे एक जेझुइट पाद्री होऊन गेले. त्यांच्या बिशप काकांनी त्यांना पहिला कॅमेरा दिला, आणि पुढे १९१२ मध्ये टायटॅनिकच्या सुरुवातीच्या टप्प्याचं तिकीटही. ते १० एप्रिलला साउदम्प्टनला चढले आणि ११ एप्रिलला क्वीन्सटाउनला, म्हणजे आजच्या कोव्हला, उतरले. पुढे जाण्याचं आमंत्रण मिळालं होतं, पण वरिष्ठांनी तारेने परवानगी नाकारली म्हणून उतरावं लागलं. त्या चोवीस-तीस तासांत त्यांनी डेकवर फिरणारी माणसं, व्यायामशाळा, जेवणघर असं जे दिसेल ते टिपलं. बोट चालू असताना आतलं जीवन कसं होतं हे आज जगाला जे दिसतं त्यातलं बरंचसं त्यांच्यामुळे. त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, १९८५ मध्ये, एका ट्रंकेत त्यांच्या सुमारे बेचाळीस हजार निगेटिव्ह सापडल्या. त्या माणसाने कुठला कॅमेरा कुठल्यापेक्षा सरस हे तोलत त्या दिवशी केबिनमध्ये वेळ घालवला असता तर?

आमच्या घरी बाबांकडे आगफाचा क्लिक-थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. वर्षाला एक, फार तर दोन रोल. त्यात ऑटोफोकस नव्हता, फोकसच नव्हता म्हणा ना. माझं सगळं लहानपण त्या चौकोनी काळ्या-पांढऱ्या फोटोंत आहे, आणि ते आजही लोखंडी कपाटात हाताला लागतात. बाबांनी तो कॅमेरा तुलना करून घेतला नव्हता. दुकानात होता, परवडत होता, घेतला.

शेवटी नोव्हेंबरमध्ये मी शीट बंद करून शहरातल्या एका लहान दुकानात गेलो. दोन्ही कॅमेरे हातात घेतले. सोनीचा ऑटोफोकस धावत्या पोरांना आणि कुत्र्यांना खरंच चिकटून राहतो, त्याचा पडदा पूर्ण फिरून समोर येतो. व्हिडिओ करणाऱ्याने, घरात लहान मूल असणाऱ्याने तो डोळे झाकून घ्यावा. फुजीवर गोल चकत्या आहेत, आकडे वर कोरलेले, कार्डासाठी दोन खाचा. मला चकत्या आवडल्या. चार मिनिटांत ठरलं. एक एफ २ ची पाण्याला तोंड देणारी लेन्स घेतली आणि बाहेर पडलो. पाऊस चालू होता.

जानेवारीत नाशिकला गेलो तेव्हा बाबांनी कॅमेरा हातात घेतला, चष्मा वर केला, चकती दोनदा टकटक फिरवली आणि मेथी निवडणाऱ्या आईचा फोटो काढला. आईने मान वर केली नाही. फोटो किंचित काळोखा आलाय. तो सहा बाय चारमध्ये छापून मी त्याच लोखंडी कपाटातल्या अल्बममध्ये लावला. सोनी घेतला असता तरी बाबांनी हाच फोटो काढला असता, म्हणून तर म्हणतो.

असो. तुमची शीट असेल तर तिला एक शनिवार द्या. रविवारी दुकानात जा. आणि कॅमेरा येईपर्यंत खिशातल्या फोनने घरातल्या माणसांचे फोटो काढा, मेंढ्यांचे नकोत.